एका वेळी एकच ओळ

५ मार्च १९७९

टायपिंग सेक्शनमधून उचलून थंड खोलीत टाकलं मला! विचारणं नाही, पुसणं नाही. सकाळचा भोंगा झाला, मी टाइपरायटरवरचं झाकण काढतेय तोच शिपाई दारात — कल्याणशेट्टी साहेबांनी बोलावलंय. हे साहेब म्हणजे विरुपाक्ष कल्याणशेट्टी. पुण्याला शिकून आलेले. गिरणीने यंदा कॉम्प्युटर घेतला, त्याचे सर्वेसर्वा. म्हणाले, "बिराजदारबाई, तुमचा हात चालतो असं सगळे सांगतात. जूनपर्यंत इथे काम करा. जमलं तर इथेच कायम. नाहीतर..." पुढचं सांगायची गरजच काय! टायपिंग सेक्शन बंद होणार हे कँटीनच्या मांजरालाही माहीत आहे.

खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, देवळात काढतात तशा. यंत्राला गार हवा लागते म्हणे. सोलापुरातला मार्च, बाहेर डांबर वितळायला आलंय, आणि मी मांडीवर चादर घेऊन बसलेय! घरी अक्काला सांगितलं तर म्हणाली, "चांगलंय की. पगार घिऊन थंडी खायाची!"

६ मार्च

कुणालाच सांगितलं नाही ते इथे लिहिते. माझी नजर जातेय.

वर्ष-दीड वर्ष झालं. न्हाणीतल्या वाफेतून बघावं तसं सगळं दिसतं. उन्हात तर विचारायलाच नको. टाइप केलेलं अख्खं पान समोर धरलं की नुसता राखाडी चौकोन! आजवर बोटांनी सांभाळून घेतलं, त्यांना डोळ्यांची गरज नाही. पण पान तपासायचं म्हटलं की काही ना काही निमित्त काढून उठते.

आमच्या वडिलांची, आप्पांची नजर अशीच गेली. काचबिंदू. गेली ती परत आली नाही. म्हणून डॉक्टरकडे जात नाही. गेले तर तोच शब्द ऐकावा लागेल. आणि आंधळी टायपिस्ट कोण ठेवून घेणार? अक्का विधवा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी लग्न केलं नाही. आम्ही दोघी, आणि माझा पगार.

इथे लिहिते तेही सावलीत बसून, बोराएवढ्या अक्षरात. वही महिन्यात संपते!

९ मार्च

यंत्र शिकवायला यशवंत गायकवाड आहे. तिशीचा, कुर्डुवाडीचा, वडील रेल्वेच्या कारखान्यात. कमी बोलतो पण हसतो छान. पहिल्याच वाक्यात त्याने मला जिंकलं. म्हणाला, "बाई, पानाचं डोक्यातनं काढून टाका. हितं पान नसतंच. एका टायमाला एकच वळ."

खरंच तसंच आहे. टाइपरायटरसारखंच धूड, पण त्याला तार जोडलेली आणि कागदाचं मोठं भेंडोळं. यंत्राच्या आतल्या ज्या प्रोग्रामने मजकूर दुरुस्त करायचा त्याला 'एडिटर' म्हणतात. एडिटर म्हणजे पेपरातला संपादक नाही, दिसतच नाही तो! कागदावर एक तारा छापून गप बसतो. आपण आकडा टाइप करायचा, की खडखड करून तेवढ्या नंबरची ओळ छापून देतो. काढ म्हटलं की काढतो. घाल म्हटलं की घालतो. घालून झालं की एका ओळीवर नुसतं टिंब द्यायचं, म्हणजे त्याला कळतं बाई थांबल्या. शेवटी 'लिहून ठेव' म्हणायचं, नाहीतर सगळं विसरतो. काही चुकलं तर एक प्रश्नचिन्ह छापतो. बस्स. टोमणा नाही, कपाळावर आठी नाही. मला फार आवडला!

आणि खरी गंमत पुढेच. यंत्राची शाईची फीत एवढी फिकी आहे की यशवंतसुद्धा नाक टेकवून वाचतो. साहेबही. सगळेच! माझ्याकडे कोण बघतंय?

१० मार्च

दिवसभर ओळी. एकीमागून एक. एकदाही निमित्त काढून उठले नाही.

१७ मार्च

आज टिंब द्यायला विसरले. मी आपली हुकूम सोडतेय — ही ओळ काढ, ती दाखव — आणि तो आज्ञाधारक माणसासारखा माझे हुकूमच मजकुरात उतरवून घेतोय! यशवंतने बघितलं, पोट धरून हसला. मीही हसले. चुकीवर हसायची सवयच नव्हती मला. स्टेन्सिलवर एक अक्षर चुकलं की लाल पाणी लावा, फुंका, वाळवा, आणि तरी डाग दिसायचाच. इथे ओळ काढली की काढली. मागमूस नाही!

इतकी वर्षं कुठे होतास रे बाबा?

२ एप्रिल

साहेबांनी मोठं काम दिलं. कापसाच्या मिश्रणाचा प्रोग्राम. कुठल्या कापसाच्या किती गाठी एकत्र केल्या म्हणजे सूत तुटणार नाही, ते यंत्र सांगणार. साहेब तीन महिने त्याच्यामागे आहेत. पंचवीस तारखेला डायरेक्टर लोक बघायला येणार. अख्खा प्रोग्राम कागदावर छापून काढतात, त्याला लिस्टिंग म्हणतात. त्यावर साहेब लाल पेन्सिलीने खुणा करतात — ही ओळ काढा, इथे ही घाला — आणि मी त्या एडिटरला सांगायच्या. मला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नाही. नंबर कळले की झालं.

१९ एप्रिल

सत्यानाश!

काल लाल खुणांनी भरलेली लिस्टिंग आली. मोठं पुडकं. मी पहिल्या पानापासून सुरू केलं, शेवटच्या पानाला संपवलं, लिहून ठेव म्हटलं, छाती फुगवून घरी गेले. आज साहेबांनी प्रोग्राम चालवला. यंत्राने उत्तर दिलं — सगळा कापूस एकाच जातीचा घ्या, आणि तोही उणे चाळीस गाठी!

साहेब ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "बाई, ठेवायच्या ओळी गेल्यात आणि काढायच्या तशाच आहेत. नीट बघून केलं ना?"

नीट बघून!

 पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्ताने बाहेर गेले. चपला न घालताच. तापलेल्या फरशीवर उभी राहिले, पाय भाजले तेव्हा कळलं.

रात्री जेवले नाही. अक्का म्हणाली, "का गं दाक्षा, यंत्रानं गिळलं व्हय तुला?" डोकं दुखतंय म्हटलं.

२० एप्रिल

ठरलं. साहेबांचं काम आणखी बिघडवण्यापेक्षा आपणच जावं. डोळ्यांचं सांगायचं आणि राजीनामा द्यायचा. शिकवण्या घेईन. पण कशाच्या? शिकवायला तरी दिसायला नको का!

आप्पा भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जायचे. सारखं तेच डोळ्यांपुढे येतंय.

२१ एप्रिल

डोळे नव्हते!

चूक डोळ्यांची नव्हती! नव्हती, नव्हती, नव्हती!

नीट लिहिते. सकाळी साहेबांच्या खोलीकडे निघाले, तर यशवंतने थांबवलं. माझ्या त्या दिवशीच्या कामाचं भेंडोळं त्याने जमिनीवर उलगडलं होतं. आपण दिलेला प्रत्येक हुकूम त्या कागदावर छापलेला राहतो ना! एका बाजूला साहेबांची लिस्टिंग. गुडघ्यांवर बसून एकेक नंबर ताडून बघत होता. म्हणाला, "बाई, तुमी एक बी नंबर चुकला न्हाई. सगळे साहेबांच्या खुणंबरहुकूम."

मग बिघडलं कसं?

"तुमी वरनं सुरुवात केली की. बारावी वळ काढली का खालच्या समद्या एकेक घर वर सरकल्या. आता तुमी म्हणताय चाळीसावी काढ. तो चाळीसावीच काढतोय, पर ती साहेबांच्या कागदावरची एक्केचाळीसावी हाय. रॉकेलच्या रांगंतला एक माणूस निघून गेला का मागच्यांचा नंबर बदलतो का न्हाई?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्या दिशेने, म्हणजे.

"मग करायचं कसं?"

"खालनं वर यायचं. शेवटच्या खुणंपासनं. खालचं काय बी काढा-घाला, वरच्यांचे नंबर हलत न्हाईत. माझंच चुकलं बाई, मी सांगाया पायजे होतं. पैल्या महिन्यात मी बी हेच केलतं. साहेबांनी बी."

तिथेच जमिनीवर बसले आणि रडू फुटलं. घाबरला बिचारा. म्हणाला, "आवो बाई, जुनी प्रत हाय की! कागदी पट्टीवर भोकं पाडून ठेवलीया. समदं परत येतंय." त्याला वाटलं प्रोग्रामसाठी रडतेय! मग मी सांगून टाकलं. वाफ, राखाडी चौकोन, आप्पा, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा. तेही कालपरवा ओळख झालेल्या माणसाला.

यशवंतने भेंडोळं गुंडाळत गुंडाळत विचारलं, "डॉक्टरला दावलं का?" नाही म्हटलं. "मग काचबिंदू हाय हे कुणी सांगितलं?" कुणीच नाही. मीच. म्हणाला, त्याच्या आईलाही असंच वाफेतून दिसायचं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, आता तांदळातले खडे निवडते आणि सुनेच्या चुका काढते.

दुपारभर आम्ही दोघांनी खालून वर काम केलं. प्रत्येक ओळ काढायच्या आधी छापून बघितली. पहिल्या पानावर पोचलो तेव्हा संध्याकाळचा भोंगा झाला.

२५ एप्रिल

डायरेक्टर आले. चपला काढायला लावल्या त्यांनाही! एकाच्या मोज्याला भोक होतं. प्रोग्राम धडाक्यात चालला, गाठी उणे नाहीत, अधिकही नाहीत. साहेबांनी काचेतून माझ्याकडे बघून मान हलवली असं यशवंतने नंतर सांगितलं.

३० एप्रिल

मोतीबिंदू!

दोन्ही डोळ्यांत. डावा जास्त. डॉक्टरांनी विजेरी मारली, डोळ्यांतला दाब तपासला, खाली बघा वर बघा केलं, आणि सहज बोलून गेले, "मोतीबिंदू आहे. वयाच्या मानाने लवकर झालाय, पण ऑपरेशनने दिसायला लागेल." मी विचारलं, काचबिंदू? "छे हो! कुणी सांगितलं?" आता हा प्रश्न मला तोंडपाठ झालाय.

रिक्षा केली नाही. चालत आले. नवी पेठेत थांबून उसाचा रस प्यायले, दोन ग्लास. रसवाल्याला म्हणणार होते, अरे मी आंधळी होत नाहीये!

घरी अक्काला सगळं सांगितलं. वाटलं चकित होईल. कसली! म्हणाली, "मला ठाव हाय की. भाकरीचा करपलेला तुकडा गपगुमान खातीस. आधी अर्धं घर डोक्यावर घ्याचीस."

२ मे

साहेबांना सांगितलं.  त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग, "म्हणजे माझ्या त्या सगळ्या लाल खुणा तुम्ही अशा डोळ्यांनी वाचल्यात?" म्हटलं, एकेक करून वाचल्या साहेब. ते हसले. रजेच्या अर्जावर सही करत म्हणाले, "ऑपरेशन करून या. खुर्ची कुठे पळत नाही. कायमची ऑर्डर मी आजच वर पाठवतो, जूनपर्यंत कशाला थांबायचं?"

खुर्ची कुठे पळत नाही! हे वाक्य मी आज किती वेळा म्हटलं असेल.

९ मे

उद्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. भीती वाटत नाही. थोडी वाटते.

१ जून

पट्टी सुटली, पण चष्मा मिळेपर्यंत धूसरच. डॉक्टर म्हणतात डोळा सावकाश बरा होऊ द्या. वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिंकायचंसुद्धा जपून! दवाखान्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निपचित पडले होते. अक्का घोट घोट पेज पाजायची आणि रागवायची, "हालू नगं म्हटलं की!" घरीही तेच. तिचं ऐकते. सुख वाटतं ऐकायला.

१८ जून

यशवंत येऊन गेला. कायमची ऑर्डर घेऊन! त्यानेच वाचून दाखवली, दोनदा. साहेबांनी निरोप दिलाय, लिस्टिंग साचल्यात. मी म्हटलं, साचू देत, शेवटच्या पानापासून सुरू करीन. अक्काने त्याला शेंगाची पोळी बांधून दिली.

२९ जून

चष्मा आला. जाड भिंगाचा. दुकानातल्या पाट्या वाचत वाचत घरी आले, मोठ्याने, वेड्यासारखी.

दार अक्काने उघडलं. ओळखलंच नाही मी तिला. गालांची हाडं वर आलेली, डोळे पिवळे, चोळी दोन्ही बाजूंनी मुठीएवढी आत घेऊन टाचलेली. इतके महिने आवाज तोच होता, म्हणून अक्काही तीच आहे असं धरून चालले होते. कधीपासून हे, विचारलं. पदर सावरत आत निघाली. खांदे धरून पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुजे डोळे एकदा बरे होऊ देत म्हटलं, मग माजं बघू."

उद्या सकाळी सगळ्यात आधी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात.