आईंची वाकडी सही

अहो,

नऊच्या एसटीने वर्ध्याला प्रेसमध्ये चालले आहे. आईंच्या आठवणींचा माझा लेख महिला मंडळाच्या स्मरणिकेसाठी स्वतःच देऊन येते.

लाल शाईतल्या तुमच्या दुरुस्त्या पाहिल्या. लांबलचक वाक्यं तोडलीत, चुकलेली सालं सुधारलीत, सगळं मान्य. फक्त आई साठाव्या वर्षी माझ्याकडून सही शिकल्या, तो परिच्छेद मी परत घातला आहे. तुम्ही समासात लिहिलंय, "हेडमास्तरच्या घरची गोष्ट, लोक काय म्हणतील?" म्हणतील की हेडमास्तरांना स्वतःच्या आईला शिकवायला वेळ मिळाला नाही. त्यात खोटं काय आहे?

पहिली सही करून बँकेतून आल्या तेव्हा त्या आर्वीभर सांगत फिरल्या होत्या, "आता माह्या आंगठ्याले सुट्टी वं बाई!" त्यांना लाज वाटली नाही, तर आपण कशाला वाटून घ्यायची?

पोळ्या डब्यात आहेत. वांग्याची भाजी गरम करून घ्या. आईंचं पासबुक कपाटात शोधू नका, मी नेलंय. लेखावर तुम्ही लावलेल्या तुमच्या सत्काराच्या फोटोऐवजी पासबुकातली त्यांची सही छापायला देणार आहे. सही वाकडी आहे. ती कोणी दुरुस्त करायची नाही.

नमिता