चढावर तापलेलं इंजिन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा इंजिनं उघडणे व बसवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण कायद्याला फुप्फुसांशी काही देणंघेणं नसतं असं वकिलांनी सांगितलं. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आणायला घरात माणूसच नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्या, खालचं वर्कशॉप आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या मुलाला. त्याने सगळं विकलं तरी माझी हरकत नाही. तो लहानपणापासून डिझेलच्या वासाने नाक मुरडत आला आहे आणि त्यात त्याची काही चूक नाही. जिन्याची तिसरी पायरी हलते, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

कलम २. पान्यांचे तिन्ही संच आणि काम घट्ट धरायचा मोठा व्हाइस शेजारच्या रेडिएटरवाल्याला. चाळीस वर्षं तो माझ्याकडच्या गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतो आहे आणि चाळीस वर्षं मी त्याला तुझं काम गळकं म्हणून हिणवत आलो. ते खरं नव्हतं. टॉर्क पाना मात्र त्याला देता येत नाही, कारण पलीकडच्या रंगवाल्याने तो दोन दिवसांसाठी म्हणून नेला त्याला अकरा वर्षं झाली. तो पाना मी या कलमाने रंगवाल्यालाच देऊन टाकत आहे, म्हणजे मी गेल्यावर तरी त्याला माझ्या दारावरून मान वर करून जाता येईल.

कलम ३. वडिलांची सहा सिलिंडरची गाडी माझ्या धाकट्या भावाला. तिचं इंजिन आम्ही दोघांनी मिळून नव्याने बांधलं होतं. ते तापू नये म्हणून जे करावं लागतं ते लिहून ठेवतो. धाकट्याला सांगायची गरज नाही, पण तो माझ्या अक्षरातलं वाचेल तरी.

पाण्यात कूलंट निम्मं निम्मं घालावं, नळाचं नुसतं पाणी ओतू नये. फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून बघावा. अर्धा इंच दबला की पुरे. थर्मोस्टॅट काढून टाकू नये. काढला की इंजिन थंड राहतं असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावावं. गर्दीत अडकून तापमानाचा काटा चढायला लागला तर हीटर पूर्ण सोडावा, पाय भाजले तरी चालतील. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये. हे धाकट्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तो गाडी घ्यायला तयार होणार नाही. म्हणून मी गेल्यावर पुढचं कलम वर्कशॉपच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचावं, आणि धाकटा, त्याची मुलगी, माझा मुलगा व रेडिएटरवाला तिथे हजर असावेत. मी बोललो होतो तेही त्याच दारात, माणसांसमोर.

कलम ४. तेवीस वर्षांपूर्वी मावशी अंथरुणाला खिळली. ती डोंगरापलीकडे राहायची. आई आणि ती सात वर्षं भेटल्या नव्हत्या. आईचा खुबा मोडलेला, तिला बसमध्ये बसवेना. या गाडीची मागची सीट पलंगाएवढी रुंद, म्हणून आम्ही भावांनी गाडी बाहेर काढली आणि इंजिन सगळं खोललं. धाकट्याने आठ दिवस तारेने ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा खरवडल्या, लालभडक गंज बादलीने काढला. बसवण्याचं काम माझं होतं.

आमच्याकडे वडिलांपासून एक पद्धत. ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्या मधलं गॅस्केट, म्हणजे पाण्याची भोकं पाडलेला पातळ पत्रा, भिंतीवर खिळ्याला टांगायचं ते बाण दाखवतो ते पुढचं टोक वर करून. मग उचलायचं आणि तसंच ठेवायचं, वेगळं बघायचं नाही. त्या दिवशी ते मीच टांगलं होतं आणि मीच ठेवलं. धाकट्याने विचारलं, "दादा, बाण बघितलास?" मी म्हटलं, "तू मला शिकवू नकोस."

आईला मागच्या सीटवर निजवून निघालो. सपाटीवर गाडी छान चालली. चढाला लागलो आणि अर्ध्यावर काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी ओरडत होतो, तेव्हा धाकट्याने घाईने फडकं धरून झाकण उघडलं आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. त्या हाताकडे मी बघितलंसुद्धा नाही. गाडी ओढून परत आणावी लागली. दुसरी गाडी करू म्हटलं, तर आई म्हणाली, "राहू दे आता." एकोणीस दिवसांनी ती गेली, आणि तिच्या मागोमाग मावशी.

आई गेली त्याच दिवशी वर्कशॉपच्या दारात, दोघांच्या बायकांसमोर, रेडिएटरवाल्यासमोर, मी धाकट्याला म्हणालो, "तू गंज ठेवलास म्हणून आईला बहिणीचं तोंड दिसलं नाही." त्यानंतर त्याने इंजिनाला हात लावला नाही. दोन गल्ल्या पलीकडे त्याने किल्ल्या बनवायचं दुकान टाकलं, आणि आम्ही बोलणं सोडलं.

नऊ वर्षांपूर्वी मी ते इंजिन पुन्हा उघडलं. धाकट्याने ठेवलेला गंज बायकोला दाखवायचा होता, हे कबूल करतो. ब्लॉकमधल्या वाटा स्वच्छ होत्या. गॅस्केट उलटं होतं. बाण मागे. पाणी पुढूनच्या पुढे परत फिरत होतं आणि मागचे सिलिंडर कोरडे भाजत होते.

नवं गॅस्केट घालून इंजिन बसवलं. तेव्हापासून ते तापत नाही. पण गाडी रस्त्यावर नेली असती तर काय बिघडलं होतं असं लोकांनी विचारलं असतं. म्हणून दर रविवारी दार लावून ती वर्कशॉपमध्येच मागेपुढे करायची, आणि कोणी विचारलं की सांगायचं, अजून तापते. नऊ वर्षं मी मूग गिळून बसलो आणि खापर त्याच्या डोक्यावर राहू दिलं. आईची ती भेट माझ्यामुळे चुकली. धाकट्याचं काम चोख होतं. मला याची लाज वाटते, आणि ती इथे लिहिल्याने कमी झालेली नाही.

जुनं गॅस्केट त्याच खिळ्याला टांगलेलं आहे. तेही धाकट्याला.

सही करण्याआधी रेडिएटरवाल्याने हे सगळं वाचलं आणि चष्मा काढून म्हणाला, "हे कागदावर कशाला? दोन गल्ल्या तर आहेत. जा की चालत." मी त्याला सांगितलं की मला दम लागतो.

स्थळ: वर्कशॉप. दिनांक: १२ मार्च.
सही.
साक्षीदार: १) रेडिएटरवाला (सही) २) समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर (सही)

पुरवणी

शुद्धीत राहून, त्याच साक्षीदारांसमोर, वरच्या मृत्युपत्रात पुढील बदल करीत आहे.

परवा सकाळी दुकानाचं शटर उचलताना धाकटा गेला. मी आधी जाईन असं धरून मी हा कागद लिहिला होता.

मी त्याच्या घरी गेलो. चालतच गेलो, दोनदा थांबावं लागलं. पुतणीने मला खुर्ची दिली आणि शेजारी बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काका, ती गाडी अजून तापते का? तुमच्या गल्लीतलं कोणी किल्ली करायला आलं की बाबा विचारायचे."

"नाही तापत," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."

"मग सांगायचं ना त्यांना," ती म्हणाली. "बरं वाटलं असतं."

गॅस्केटचं न सांगताच मी उठून घरी आलो.

म्हणून कलम ३ मध्ये भावाऐवजी त्याची मुलगी असं वाचावं. त्याच कलमातले 'मी गेल्यावर' हे शब्द मी खोडले आहेत. साक्षीदारांच्या सह्या झाल्या की हा कागद आणि ते गॅस्केट घेऊन मी पुतणीकडे निघणार आहे, गाडीने, उघड्या रस्त्यावरून. कलम ४ तिला मीच वाचून दाखवीन. ज्याने ऐकायचं होतं तो मात्र तिथे नसेल.

स्थळ: वर्कशॉप, दार उघडं. दिनांक: ३ मे.
सही.
साक्षीदार: १) रेडिएटरवाला (सही) २) डॉक्टर (सही)