विमानापायी मोडलेली बाग

आप्पा,

तुमची द्राक्षाची बाग मी मोडली. सगळी नाही, नदीकडची अर्धी. वर आलेल्या गाववाल्यांपैकी कुणीतरी तुमच्या कानावर घातलंच असेल, आपल्या माणसांच्या पोटात काही राहतं का! पण कशापायी मोडली ते ऐकून तुम्ही कपाळावर हात मारला असेल. विमानापायी. हो, विमानच. दोन माणसं जेमतेम मावतील एवढं, पुण्याच्या एका गृहस्थांनी वापरलेलं. तुमचा मुलगा साठीला टेकलाय, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि त्याला सायखेड्यात विमान घ्यायचं होतं. वर्षभर सुट्टीच्या दिवशी धुळ्याकडे जाऊन उडवायला शिकलो. तिथली पोरं मला काका म्हणायची आणि माझ्या आधी चहा प्यायची नाहीत. गावात मात्र नुसती टिंगल. पारावरचे म्हणायचे, "काय शेठ, आता फवारणी वरूनच का?" मी म्हणायचो, पहिली तुमच्याच डोक्यावर करतो. ओझरचा विमानतळ इतका जवळ, त्यामुळे आपल्या रानात विमान उतरवायची परवानगी मिळेल की नाही याचा काही पत्ता नव्हता. विकणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, आधी जागा तर बघू द्या, मग अर्जाचं बघू. मला तेवढं पुरलं. गुडघ्याला बाशिंग बांधलेलंच होतं. दुसऱ्या दिवशीपासून नदीकडचे वेल तोडायला माणसं लावली.

लोकांनी विचारलं की मी तुमचं नाव पुढे करायचो. "आमच्या आप्पांची लय इच्छा होती," असं मी चारचौघांत कितीदा सांगितलं असेल. तुम्ही कधी असं म्हणाला होतात का? मला आठवतं ते एवढंच. मी पाचवी-सहावीत आहे, घड औषधात बुडवायचे दिवस आहेत, माझ्या हातात प्लास्टिकचा मग आहे. ओझरच्या अंगानं विमान येतं, माझी मान वर जाते, घड मगाच्या बाहेर राहतो आणि औषध माझ्या कोपरावरून खाली गळतं. तुमची चापट मानेवर बसते. "वर बघून पोट भरत नाय. घडाकडं बघ." मी दोन दिवस तुमच्याशी बोलत नाही, म्हणजे तुमच्या ते लक्षात येत नाही असं मला वाटतं. मग रविवारी तुम्ही काही न सांगता मला लुनावर बसवता आणि ओझरच्या रस्त्याला एका मोरीच्या कठड्यावर नेऊन बसवता. आपण शेंगा खात बसतो. बराच वेळ काहीच येत नाही, मला तुमचीच लाज वाटू लागते. शेवटी एक विमान अगदी डोक्यावरून उतरतं, तर तुम्ही टोपी हातात धरून उठून उभे, घरी पाहुणा आल्यासारखे. "आवाज लय मोठा हाय," एवढंच म्हणालात. घरी आल्यावर आईलाही सांगितलं नाहीत. त्या एका संध्याकाळच्या जोरावर मी तुमच्या नावानं एवढा मोठा बंगला उठवला. माफ करा.

आता त्या दिवसाचं. वेलांचा मांडव कसा उतरवायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं. ओळीच्या टोकाच्या खांबाला ताणाची तार असते, ती जमिनीत गाडलेल्या दगडाला बांधलेली. ती तार कापायची नसते, कापली की चाबकासारखी उसळते. आधी दुसऱ्या टोकाचा ताण सैल करायचा, मग सोडवायची. तुम्ही तर त्याच्याही आधी "बाजूला व्हा रे!" म्हणून ओरडत सगळी ओळ फिरून यायचे, ओळीत कुत्रंसुद्धा राहू द्यायचे नाहीत. आम्ही मागून तुमची नक्कल करायचो. त्या दिवशी माणसं नव्हती, ती दुसऱ्या दिवशी येऊन तारा उतरवणार होती. पण पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला, जागा बघायला आजच येतोय, नाशिक ओलांडलं. आणि मला वाटलं, वेल गेले तरी मांडव उभाच दिसणार, ह्या माणसाला धावपट्टी दिसणार कशी? निदान अलीकडच्या एका ओळीच्या तारा तरी पाडू. कटर घेतला आणि गेलो. तेवढ्यात ही घरातून आली. "अहो, पाहुणे आले. गाडी दारात लागलीय." आप्पा, मला ती ऐकू आली होती. ती कुठं उभी आहे तेही मला दिसलं होतं, तारेच्या बरोबर रेषेत. मनात आलं, एवढ्या एका तारेनं काय होतंय. आणि मी कापली. सुंऽऽ असा आवाज झाला. ही ओरडली नाही. खाली बसली फक्त, आणि डावा हात डोळ्यावर. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं सांगू? "तुला कुणी सांगितलं होतं मधी यायला?" पाहुण्यांनी ऐकलं ते. त्यांनीच तिला उठवलं, त्यांच्याच गाडीत घातलं. मी मागं बसलो होतो, कटर हातातच होता.

नाशिकला गंगापूर रोडला डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथं नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "कशानं लागलं?" मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "तार गंजलेली होती. आपोआप तुटली." आणि उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. डॉक्टर बाईंनीही बघितलं. मी मान हलवली. हो म्हणालो. जुन्या तारा हायेत, म्हणालो, आमच्या वडलांच्या वेळच्या. बघा, तिथंही तुम्हालाच पुढं केलं. हिनं मला त्या घडीपुरता आडोसा दिला होता, एवढं मला कळत होतं. ती वाट बघत होती की बाहेर आल्यावर, नाहीतर घरी गेल्यावर, नाहीतर पोरांना फोन करताना तरी मी खरं बोलेन. मी त्या आडोशालाच चार भिंती घातल्या आणि आत राहायला गेलो. ऑपरेशनं झाली. डोळा दिसायला जागेवर आहे, पण त्यातून उजेडाशिवाय काही दिसत नाही आणि दिसणारही नाही. दवाखान्याच्या चकरांत महिने गेले. त्या गृहस्थांनी एकदा विचारलं, काय करताय, मी सांगतो म्हणून फोन ठेवला, तेव्हा त्यांनी विमान दुसऱ्याला देऊन टाकलं. मला ना रडू आलं ना काही.

खरी लाजेची गोष्ट इथून पुढं आहे. गावानं आपली गोष्ट आपणच तयार केली. बायका म्हणायला लागल्या, "हिच्या दुखण्यापायी विमान राहिलं बिचाऱ्याचं." एक म्हातारी तर घरी येऊन हिच्याच मांडीवर थापटत म्हणाली, "बाई, तू कशाला गं मधी गेली?" हे वाक्य तिच्यापर्यंत कुठून पोचलं असेल ते मला माहीत आहे. मी ओट्यावर बसून होतो, मूग गिळून. आणि मागच्या महिन्यात कहरच झाला. हिच्या भाचीच्या लग्नात, मंगलाष्टकांच्या आधी, तुम्हाला माहीतच आहे कसे एकेक जण माइकवर आशीर्वाद द्यायला उठतात. त्यातल्या एका पुढाऱ्यानं मला मांडवात उभं केलं आणि नवरदेवाला म्हणाला, "नवरा असावा तर असा! बायकोच्या एका डोळ्यासाठी ह्या माणसानं विमान सोडलं, विमान!" टाळ्या पडल्या. शाल घातली, नारळ दिला. नवरदेव येऊन माझ्या पाया पडला. आणि ही समोर बायकांत बसलेली, काळा चष्मा लावून. मला एक शब्द बोलायचा होता. माइक एवढा जवळ होता. मी काय केलं असेल? हात जोडले, आप्पा. दोन्ही बाजूंना वळून, मत मागायला आल्यासारखे. घरी येताना गाडीत ही म्हणाली, "शाल काढा आता. उकडत असंल."

भांडली असती तर बरं झालं असतं. तुम्हाला माहीत आहे, पूर्वी ती मला कशी फैलावर घ्यायची; तुम्हीच मिशीत हसत म्हणायचे, बरी भेटली गड्या तुला. आता बोलते, पण कामापुरतं. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, त्यामुळे चहा ओतताना पहिली धार कपाच्या बाहेर पडते. मी ओतू का म्हटलं की म्हणते, नको, मला शिकू द्या. रोज ओटा पुसते आणि परत ओतते. मी तिथंच बसतो आणि पेपरकडं बघतो. बारीक अक्षर तिला फार वेळ झेपत नाही, डोकं चढतं, म्हणून रोज सकाळी मी तिला पेपर वाचून दाखवतो. तेवढंच एक काम मी नीट करतो. खिडकीतून तुमची अर्धी बाग दिसते, आणि अर्ध्यात नुसते खांब. परत लावायचं म्हणतो. माणसं विचारतात, काय शेठ, लावायची ना? मी बघू म्हणतो.

हे सगळं तुम्हालाच का लिहितोय, तर तुम्ही आता कुणाला सांगू शकत नाही म्हणून. जिवंत माणसाला सांगायची छाती असती तर ते माणूस भिंतीच्या पलीकडंच आहे. उन्हं कलली तसं ते माणूस आत्ता इथं आलं होतं, पदराला हात पुसत. म्हणाली, "केव्हाचे लिहिताय, कुणाला?" मी म्हटलं, आप्पांना. तिला काही वाटलं नाही, तुमच्याशी तीसुद्धा बोलते कधीकधी, देवापुढं दिवा लावताना. खुर्ची ओढून बसली. "वाचा की." मी कागद तोंडासमोर धरला आणि वाचायला लागलो. आप्पा, यंदा पाऊस बरा आहे. छाटण्या वेळेवर झाल्या. नदीला पाणी आहे, पोरांचे फोन येतात. यातलं एक अक्षर इथं लिहिलेलं नाही, मी नुसता बोलत गेलो, थांबलो नाही की अडखळलो नाही, इतका हात बसलाय. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठता उठता म्हणाली, "आणि तारेचं लिहिलं का?"

मी म्हणालो, "अजून नाही."