उपाशी टेकडीचं सोनं

टॅरागल,
२४ ऑगस्ट १९८१

चि. डल्सीस,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुला त्यांची गरज उरलेली दिसत नाही, तरी रीत म्हणून घे.

साप्ताहिकात तुझा फोटो पाहिला. पहिल्याच पानावर, तळहातावर सोन्याचा खडा आणि डोक्यावर माझी हॅट. हॅट परत पाठव. पोस्टातल्या बाईंनी माझं तोंड भरून अभिनंदन केलं, जसं काही मीच तुला जन्म दिलाय. मी हसले. गाल अजून दुखतायत.

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखतंय. तू लहानपणापासून अशीच नशीबवान. नाताळच्या पुडिंगमधलं चांदीचं नाणं दरवर्षी तुझ्याच फोडीत निघायचं आणि माझ्या फोडीत बेदाणे. आता हे. माझा क्लॅरी अकरा वर्षं उपाशी टेकडी पालथी घालत होता, आधी कुदळ घेऊन, मग जमिनीतला धातू ओळखून वाजणारं यंत्र आल्यावर ते घेऊन. जुन्या खाणवाल्यांनी टेकडीला ते नाव ठेवलं, कारण तिने कुणाला जेवू घातलं नाही. पबमध्ये सगळे त्याला हसायचे. तो म्हणायचा, अरे, तिन्ही बाजूंच्या घळींमध्ये सोनं निघालं, ते वरून घसरलं नाही तर काय पाहुणं म्हणून आलं? तो गेल्यापासून त्याचंच यंत्र घेऊन मी चालतेय. आणि तू? ईस्टरला यंत्र घेतलंस, ओढ्याकाठी सँडविच खायला बसलीस, यंत्र झाडाच्या मुळाला टेकवलंस आणि ते वाजलं! याला काय म्हणावं?

त्यात रॉसचा जिलाँगहून फोन. म्हणतो, आई, बाबांच्या त्या टेकडीपायी तू तिथे एकटी अडकलीयेस, घर विकून आमच्याकडे ये. मी रागाच्या भरात शब्द देऊन बसले, की नोव्हेंबर संपेपर्यंत टेकडीने सोन्याचा कणसुद्धा दिला नाही, तर यंत्र विकेन, घर विकेन आणि तुझ्या मागच्या खोलीत राहून तुझ्या बायकोच्या कुंड्यांना पाणी घालेन. आता हा शब्द गिळता येत नाही. पोराने लगेच बायकोला हाक मारून सांगितलासुद्धा.

मर्विनला नमस्कार. लोभ आहेच, आज जरा आंबट आहे इतकंच.
तुझी,
एनिडताई


सॅलोज क्रीक,
६ सप्टेंबर १९८१

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

हॅट सोबत पाठवतेय. आत लिंबाची बिस्किटं ठेवलीत, ती तुझा आंबटपणा आणखी वाढवणार नाहीत अशी आशा.

ताई, एवढी काय गं चिडतेस? मी काय दिवे लावले ते ऐक म्हणजे तुला बरं वाटेल. खडा हातात आला तशी मी ओरडत मर्विनकडे धावले. तो गाडीत रेडिओवर फुटबॉल ऐकत होता, म्हणाला, छान, पण सामना संपू दे. परत गेले तर कुणी परका माणूस माझ्याच उघड्या खड्ड्यात यंत्र घालून उभा, आणि त्याच्या मुठीत माझ्याच खड्याचा सख्खा भाऊ! हॅट उचलून मला थँक्यू म्हणाला मेला.

रागावू नकोस, पण गेल्या शनिवारी ओढ्यातच मला आणखी एक मिळाला. लहानसा आहे, घेवड्याच्या दाण्याएवढा. चहाच्या डब्यात ठेवलाय. फोटोबिटो काढला नाही, तुझी शपथ.

तू ये ना इकडे. दोघी मिळून ओढा चालू. रॉसला सोनं टेकडीचं की ओढ्याचं हे काय कळणार आहे? आणि टेकडीचा कुठला भाग राहिलाय ते तरी लिही. तू जिलाँगला कुंड्यांना पाणी घालतेयस हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही. तू त्या कुंड्या फोडशील.

अशीच रागावत राहा, पण पत्र पाठवत जा.
तुझी धाकटी,
डल्सी


टॅरागल,
२७ सप्टेंबर १९८१

चि. डल्सीस,
आशीर्वाद, मोजून मापून.

आणखी एक मिळाला! आणि तो तू चहाच्या डब्यात टाकलास! माझ्या चहाच्या डब्यात चहा असतो.

तुझ्या ओढ्याला मी येणार नाही. तुझ्या पानातलं उचलून माझ्या पानात वाढून घ्यायचं आणि पोराला टेकडीचं म्हणून सांगायचं? क्लॅरी थडग्यातून उठून येईल. मला सोनं टेकडीचंच हवंय. लोक त्याला हसले होते ते तिथल्या सोन्यासाठी हसले होते.

आणि त्या परक्या माणसाची गोष्ट वाचून मला खरंच बरं वाटलं. मी मोठ्याने हसले. डल्सी, शंभरदा सांगितलंय तुला, खड्ड्यातून काही निघालं की आधी यंत्र परत त्या खड्ड्यात फिरवायचं. सोनं एकटं राहत नाही. मग खड्डा बुजवायचा आणि मगच नाचायचं. तू आधी नाचतेस.

विचारलंस म्हणून सांगते. टेकडीचा सगळा माथा झाला, पूर्वेकडचा उतारही झाला. घळींच्या डोक्याशी जिथे तांबडी माती पांढऱ्या गारगोटीला भिडते ती जागा चांगली असते, ती मी दोनदा चालले. उरलाय तो जळक्या बुंध्याखालचा पट्टा. तिथे काळे लोखंडी दगड इतके पसरलेत की यंत्र नुसतं किंचाळतं, कान किटतात. क्लॅरी तो पट्टा टाळायचा, मीही टाळत आले. आता टाळून चालणार नाही. ऑक्टोबरच्या चौथ्या गुरुवारी तिथे सुरुवात करेन. बुधवारी जमणार नाही, चर्चच्या हॉलमध्ये चहाची पाळी माझी असते.

उन्हं चढायला लागलीत. काल वाटेवर पहिला साप पाहिला. दिवस हातातून चाललेत, आणि मला या घराच्या मागच्या दारातून दिसणारी ती टेकडी सोडायची नाहीये. तुला म्हणून सांगितलं.

माया तशीच आहे. ती कमी करता येत नाही, करून पाहिली.
एनिडताई


सॅलोज क्रीक,
२१ ऑक्टोबर १९८१

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. आज मर्विनला ट्रॅक्टरचा भाग आणायचा होता म्हणून तुमच्या गावावरून गेलो. तू अर्थातच चहाच्या पाळीवर. मागच्या दाराशी जर्दाळूचा मुरांबा ठेवलाय, मुंग्या लागायच्या आत घे.

ताई, तो बुंध्याखालचा पट्टा नीट चाल हं. किंचाळलं तरी हळूहळू चाल. बुंध्याच्या अगदी पायथ्याशीसुद्धा बघ. उगीच आपलं सुचलं म्हणून लिहिलं.

तुझीच,
डल्सी


टॅरागल,
२२ ऑक्टोबर १९८१

माझ्या लाडक्या डल्सीस,
पोतंभर आशीर्वाद!

मिळालं! अगं मिळालं! बुंध्याच्या पायथ्याशी, भुसभुशीत मातीत, चार बोटं खाली! त्या सगळ्या किंचाळण्यात एक गोड, स्वच्छ सूर आला. मातीत बोटं घातली आणि पिवळं दिसलं. मी तिथेच बसून क्लॅरीला मोठ्याने हाका मारल्या. मग उठून थेट पोस्टात गेले आणि त्या बाईंच्या काउंटरवर तो आपटला. पबवाल्याच्या नाकावर टिच्चून त्याच्या बारवर ठेवला. त्याने मला फुकट शेरी दिली, मी दोन प्यायले.

तुझा घेवड्याचा दाणा ना? माझाही तेवढाच आहे, पण टेकडीचा आहे! आता जळ तू. जरा तुलाही कळू दे कसं वाटतं ते. रॉसला रविवारी फोनवर सांगेन, तोवर त्याला कुंड्या मांडू दे.

तुझ्यावर आज इतका जीव उतू जातोय की काही विचारू नकोस.
एनिडताई


टॅरागल,
२३ ऑक्टोबर १९८१

डल्सी,

आशीर्वाद नाहीत.

आज सकाळी शेरी उतरल्यावर तो खडा ब्रशने घासून धुतला आणि खिडकीत उजेडाला धरला. गुळगुळीत आहे. अंघोळीच्या साबणाची शेवटची वडी उरते ना, तसा. डोंगरावरचं सोनं असं नसतं गं. ते जिथे जन्मलं तिथेच पडून असतं, खडबडीत, कोपऱ्याकोपऱ्याचं, अंगाला गारगोटी चिकटलेली. असं गोल व्हायला ओढ्यात लोळावं लागतं. उपाशी टेकडीवर ओढा कधी वाहिला, सांगतेस? तुला वाटलं, सोनं ते सोनं.

बुधवारी माझी पाळी. बुधवारीच तुमचा ट्रॅक्टर. आणि वर पत्रात बुंध्याच्या पायथ्याशी बघ म्हणे! चोराच्या मनात चांदणं!

तुझं नशीब मला कायम सललं, हे मी कधी लपवलं नाही. पण आजवर मी तुझ्यावर जळत तरी होते. तू माझं तेवढंही ठेवलं नाहीस. तुझ्याकडे नशीब एवढं उतू चाललंय की तू ते माझ्या ताटात भिकेसारखं वाढतेस? मी गावभर नाचले, डल्सी. तुझं सोनं घेऊन मी क्लॅरीला हाका मारल्या.

रॉसला सांगणार नाही. नोव्हेंबर संपला की घर विकायला काढीन. आणि काल आनंदात मी खड्डा बुजवायचा विसरले, मी! पुढच्या शनिवारी जाऊन तो बुजवते आणि टेकडीचा निरोप घेते.

एनिड


सॅलोज क्रीक,
२६ ऑक्टोबर १९८१

ती. एनिडताईस,
पायांशी बसून नमस्कार. वि. वि. म्हणायला तोंड नाही.

हो, मीच पुरला. मर्विन खाली गाडीत होता. बुंध्याचं एक मूळ कुजलेलं होतं, तिथली माती भुसभुशीत होती म्हणून तिथेच बागेतल्या खुरप्याने खड्डा केला. यंत्र नेलं नव्हतं, कुणी पाहिलं तर नसता प्रश्न. खडा ठेवला, माती लोटली, वर पानं पसरली. तू जाऊ नयेस एवढंच मनात होतं. तू जिलाँगला गेलीस तर मला शिव्या घालणारं पत्र कोण लिहील?

आणि भीक म्हणू नकोस गं. तुला एक माहीत नाही. पुडिंगमधलं नाणं माझ्या फोडीत आपोआप निघायचं नाही. आई फोड वाढताना ते बोटाने माझ्याकडे सरकवायची, मी भोकाड पसरू नये म्हणून. मी पाहिलं होतं. तुझ्यासाठी कधी कुणी सरकवलं नाही. मला वाटलं, एकदा आपण सरकवावं.

माझ्यावर तू जळतेस म्हणतेस. मी तुझ्यावर किती जळले ते विचारलंस कधी? तुम्ही दोघं संध्याकाळी टेकडीवरून उतरायचात, हात रिकामे, गुडघ्यापर्यंत तांबडी माती, आणि हसत असायचात. माझा मर्विन सामना संपू दे म्हणतो. मी सोन्याच्या मागे का लागले असं तुला वाटतं?

घर विकू नकोस. रॉसला काहीही सांग, पण विकू नकोस.
शिव्या घाल, पण तुझ्या हाताने लिहून घाल.
डल्सी


टॅरागल,
२ नोव्हेंबर १९८१

चि. डल्सीस,
आशीर्वाद. पूर्ववत, पूर्ण मापाचे.

सोबत पुडीत तुझा घेवड्याचा दाणा परत पाठवतेय. चहाच्या डब्यात टाक.

आता बस आणि वाच. उभी असशील तर आधी बस. शनिवारी खड्डा बुजवायला गेले. फावडं नेलं आणि सवयीने यंत्रही नेलं. माती लोटणार, तेवढ्यात मनात आलं, एनिड, जगाला शहाणपण शिकवतेस आणि स्वतः काय केलंस? खडा उचललास आणि नाचत पबमध्ये गेलीस, परत यंत्र कुठे फिरवलंस? म्हणून खड्ड्याच्या तळाशी यंत्राची चकती धरली. ते किंचाळलं. म्हटलं, लोखंडी दगड. पण दगडाचा आवाज चकती हलवली की फाटतो, हा फाटेना. खणलं. कोपर बुडेपर्यंत खणलं.

आल्याचा गड्डा असतो ना, तसा निघाला. बोटं फुटलेला, खडबडीत, निम्मी गारगोटी आणि निम्मं पिवळंधमक. माझ्या मुठीत मावत नाही. डोंगरावरचा आहे, डल्सी, डोंगरावरचाच! क्लॅरीचं खरं होतं. या वेळी मी हाका मारल्या नाहीत, नुसती बसून रडले.

रॉसला काल फोनवर सांगितलं. म्हणाला, बाबा म्हणायचेच. नाताळला तेच सगळे इकडे येतायत. मी जात नाही कुठे.

पुडिंगचं वाचलं. आईचं बोट मलाही दिसायचं गं, वेडे. म्हणूनच तर जळायचे. पण या वेळचं नाणं माझ्या फोडीत कुणी सरकवलेलं नाही, आणि तू सरकवायला आली नसतीस तर ते मला सापडलंही नसतं. हे दोन्ही मी मान्य करते.

एकच सांगायचं राहिलं. मी मोजून पाहिलं. तू खुरपं घेऊन बसली होतीस, तिथून ते तुझ्या हाताखाली जेमतेम एक वीत होतं.

आता भरभरून लोभ, वर शेरीसुद्धा.
तुझी,
एनिडताई


सॅलोज क्रीक,
५ नोव्हेंबर १९८१

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन. मनापासून लिहायचं होतं, पण मन जागेवर नाही. एक वीत! माझ्या हाताने मी त्याच्यावर माती लोटली, ताई! वर पानं पसरली! काल मर्विनला दहादा सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे, तुझ्याकडे दोन आहेत की. मी त्याचा रेडिओ कपाटात कोंडून ठेवलाय.

तू जात नाहीस हे वाचून मी रडले. एक वीत वाचून त्याहून जास्त रडले. देव मला क्षमा करो. साप्ताहिकात तुझा फोटो आला तर मला पाठवू नकोस.

बुधवारी मी येतेय, यंत्र घेऊन. चर्चमधली चहाची पाळी दुसऱ्या कुणाला दे. एवढा मोठा गड्डा पाहिल्यावर तू जागेवर राहिली असशील असं मला वाटत नाही, म्हणून विचारते.

तो काढल्यावर खड्ड्यात परत यंत्र फिरवलं होतंस का?

तुझी,
जळून कोळसा झालेली,
डल्सी