माळवदावरची माती

प्रिय अप्पा,

आज आईनं पांढऱ्या मातीची ट्रॉली दारात उतरवून घेतली. पावसाळ्याआधी माळवदावर नवा थर टाकायचा, दरवर्षीसारखा! तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालं नाही. ज्या मातीखाली तुम्ही सापडलात, तसलीच आता आई स्वयंपाकघरावर चढवणार आहे. तिच्याशी भांडून झालं, म्हणून तुम्हाला लिहितेय.

तेलगावात तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलात. जेवताना भाकरी मोडून मला जमिनीचे तुकडे दाखवायचात. "हिमालय हाय कडेला, आपण मधी. भेग जेवढी लांब, तेवढाच भूकंप मोठा. किल्लारीसारखा होईल एखादा, पण हिमालयातल्यावानी आठचा इथं न्हाई व्हायचा, पोरी." केवढा अभिमान वाटायचा मला तुमचा!

पण मग किल्लारीत एवढी माणसं कशानं मेली, हेही तुम्हीच वर्गात सांगत होतात ना? दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर वर्षानुवर्षं साचलेले थर. आणि घरी येऊन दर उन्हाळ्यात स्वतःच शिडी लावून माती टाकायचात. असं कसं हो अप्पा?

त्या दुपारी मांडणीवरची भांडी वाजली. आई बाहेर पळाली, अंगणातून तुम्हाला हाका मारत राहिली. "अगं, बारका हाय, जाईल," म्हणालात आणि कूस बदललीत. माळवदाखाली गार वाटतं, तुमचा नुकताच डोळा लागला होता.

भूकंप खरंच बारका होता. शेजारच्यांच्या घरातला साधा ग्लासही पडला नाही. आपल्या माजघराची तुळई तेवढी वरच्या मातीच्या ओझ्यानं मोडली. तुमचं म्हणणं अगदी बरोबर निघालं अप्पा, आणि आम्ही तुम्हाला फावड्यानं उकरून काढलं.

राग येतो मला तुमचा. लई येतो.

आई काय म्हणते माहीत आहे? "माती न्हाई टाकली तर सैपाकघर गळंल. आन् भ्या कशाचं? तुजे अप्पाच म्हन्ले व्हते, इथं मोठा येत न्हाई." तुमच्याच शब्दावर ती आता स्वयंपाकघराच्या छताखाली निजते. तुम्ही चूक होतात असं तिला सांगू? चूक तर नव्हतात!

म्हणून आता समजावणं बंद. उद्या मजूर येतील, तेव्हा त्यांना माती चढवू देणार नाही, वरची सगळी उतरवून घेईन आणि पत्रे टाकीन. आई रडेल, मला शिव्या घालेल. पावसात पत्रे वाजतील आणि तिला झोप लागणार नाही. न लागू दे. पण सकाळी उठून ती माझ्याशी भांडेल, एवढा शब्द देते तुम्हाला.

तुमची,
सुनी