खऱ्या वाक्याला टाळी

फ्निदेक, शुक्रवार

यम्मा,
तुझ्या लेकीचा सलाम आणि तुझ्या हाताचा मुका. मी बरी आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे? ऑलिव्ह उतरवायला कुणी मिळालं का?

पोरांना स्पॅनिश वाक्यं जुळवता येत नव्हती, म्हणून वर्गात खेळ काढलाय. प्रत्येकाच्या हातात एका शब्दाची चिठ्ठी. ओळीत उभं राहून वाक्य करायचं. खरं असेल तर टाळ्या, खोटं असेल तर बाकं बडवायची. काल 'बाई कधी रागावत नाहीत' असं उभं केलं कार्ट्यांनी, आणि बाकं मोडायचीच बाकी ठेवली!

मग पंधरा वर्षांच्या शैमाने चिठ्ठ्या वाटल्या. वाक्य झालं, 'माझा भाऊ मालागात राहतो.' शब्द अगदी जागच्या जागी. तिचा भाऊ मार्चमध्ये इथूनच पोहत शेजारच्या स्पेनच्या हद्दीत जायला निघाला होता. किनाऱ्यावर त्याचे बूट तेवढे सापडले. सगळ्या वर्गाला ठाऊक आहे.

एकानेही बाक बडवलं नाही. एरवी तिच्याशी उभा दावा मांडणारी हाजर उठली आणि तिने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

यम्मा, गेल्या ईदला तू शेजारच्या लल्ला रहमाला सांगत होतीस, 'आमचा लेक नौफल स्पेनला, आल्मेरियात कामाला आहे.' मी सगळ्यांदेखत म्हणाले, 'पुरे गं! चार वर्षांपूर्वीच बुडाला तो.' तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस.

या ईदला मी येतेय. लल्ला रहमाला परत सांग. पहिली टाळी माझी.

तुझी,
लुबना