सुईत दोरा ओवून द्या

६ एप्रिल
ह्यांना दिसत नाही. लूमच्या खात्यात मागावरचा धागा तुटला तरी कळत नाही, आज डागी कापडावरून शेठची बोलणी खाल्ली. विचारलं तर, "मले समदं दिसस!" आणि मोबाईल हातभर लांब धरून वाचतात. चष्म्याचं नाव काढलं की, म्हातारा झालो का? अडेलतट्टू माणूस.

८ एप्रिल
युक्ती केली. मी साडीला लेस लावायला बसले, सुई-दोरा ह्यांच्या हातात. "ओवून द्या हो." सात वेळा चुकले. थुंकी लावली, दोरा पिळला, शेवटी म्हणे सुईचं नाकच बारीक. आधी हसू आलं, मग रडू. चष्मा करायचाच.

११ एप्रिल
दादाचा फोन. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी न्यायला येतो म्हणाला. तीन वर्षं गेले नाही. आईनं निंबाला बांधायला झोक्याचा दोर काढून ठेवलाय. या वयात मला झोका! जीव तुटला, पण नाही म्हटलं. जायचे पैसे चष्म्याला, शिवाय लेस लावायच्या साड्यांचा जादा गठ्ठा घेतलाय. ह्यांना सांगितलं, "एवढ्या उन्हात कोण जातं खेड्यात?"

१५ एप्रिल
रोज सुई देते. आता दारात उजेडाला उभे राहून ओवतात. मधेच माझ्याकडे बघतात, कीव आल्यासारखं. मला कसली कीव?
आज हे खात्यावरून घरी, लिंबायतपर्यंत पायी आले. सायकल पंक्चर म्हणे.

१९ एप्रिल
पंक्चर काढायला चार दिवस लागतात होय! काहीतरी शिजतंय.

२१ एप्रिल
सायकल विकली. आणि आणलं काय, तर चष्मा. माझ्यासाठी!!
"रोज मले सुई देस, मी काय आंधया शे का? तुले दिसत नै, सांगत नै."
म्हटलं, माझा नंबर कुणी काढला? मान खाली. मला नेलं तर नको म्हणेन, म्हणून दुकानात स्वतःच सुई ओवून पाहिली. ज्या काचेतून ओवली गेली ती घेतली.
लावला. सगळं पुसट. "दिसस का?" म्हटलं, लख्ख. खोटं बोलले. काय करू, चेहरा बघवेना. देवा, असा नवरा...

२४ एप्रिल
भाकरी करता करता मागं वळले. हे चष्मा लावून पेपर वाचत होते, अगदी जवळ धरून. झटकन काढला. "पुसत होतो." बरं बाई, पुसा.

२७ एप्रिल
दादा दारात! ह्यांनीच बोलावलं. मला म्हणे, "आता दिसस ना, मग मायले डोये भरीसन देख." खूप रडले. दादासमोर लाज नाही वाटली.
गठ्ठा पुरा झालाय. चष्म्याचे पैसे डब्यात तसेच आहेत, आल्यावर सायकल. सांगितलं नाही अजून.
चष्मा ह्यांनी माझ्या पिशवीत ठेवला. मी काढून ह्यांच्या खात्यावरच्या शर्टाच्या खिशात. जेवून उठले तर परत पिशवीत, साडीच्या घडीत. पुन्हा काढला. दादा बघतोय नुसता.
गाडी सकाळी आहे. आता बघितलं, खिसा रिकामा.